पहिल्या घरातला एक

वसुधेने एंटरची कळ इतक्या जोरात दाबली की पलीकडच्या टेबलावर पेपर तपासत बसलेला नरेश सूद दचकून वर बघायला लागला. पडदा क्षणभर काळा झाला, हिरवे आकडे भराभर वर सरकत गेले आणि तळाशी सोमवारपासून ठाण मांडून बसलेली ओळ पुन्हा येऊन उभी राहिली. उत्तर नाही.

"मेल्या!" ती यंत्राला म्हणाली.

शिव्या तिला मराठीतच सुचायच्या. चंदीगडात येऊन इतकी वर्षं झाली, भाजीवाल्याशी पंजाबीत घासाघीस करण्यापर्यंत मजल गेली, पण राग आला की जीभ थेट मिरजेला जायची.

"मॅडमजी, फिर वही?" नरेशने विचारलं. तो तिच्याच विभागात शिकवायचा आणि संगणकाच्या या खोलीची किल्ली त्याच्याकडे असायची. "कमाल है. ये तो मेरी बीजी भी कर देंगी."

"तो बीजी को ले आइए," वसुधा त्याच्या आईला मध्ये ओढत फणकारली. "मैं घर जाती हूँ."

तो हसला आणि पुन्हा पेपरांत शिरला. चिडायला त्याच्यावर काही कारण नव्हतं, कारण तो म्हणत होता ते अगदी खरं होतं. कोडं पोरखेळाचं होतं. तीन आडव्या, तीन उभ्या अशा नऊ घरांचा चौकोन. त्यात एक ते नऊ आकडे एकेकदाच भरायचे, असे की आडवी, उभी, तिरकी, कुठूनही बेरीज करा, पंधराच यायला हवी. मिरजेत त्यांच्या घरासमोरचा किराणावाला लक्ष्मीपूजनाला दुकानाच्या भिंतीवर हाच पंधराचा चौकोन कुंकवाने काढायचा, आणि तो बिचारा चौथीच्या पुढे गेलेला नव्हता. त्याला उत्तर ठाऊक होतं. वसुधेलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त लाखभर रुपयांच्या या डबड्याला.

येत्या सोमवारपासून शाळांतल्या शिक्षकांचा वर्ग होता. आयुष्यात पहिल्यांदा संगणकापुढे बसणारी माणसं येणार, म्हणून वसुधेने मुद्दाम सोपं कोडं निवडलं होतं. तिला उत्तर दाखवायचं नव्हतंच, रीत दाखवायची होती. पहिल्या घरात चालेल तो लहानात लहान आकडा ठेव. मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. घोडं अडलं की शेवटचा आकडा पूस, तिथे पुढचा ठेवून बघ. त्या घरातले सगळे ठेवून संपले, तर आणखी एक घर मागे जा आणि तिथला बदल. स्वेटर विणताना टाका चुकला की आपण तेवढाच उसवतो, सगळा उसवत नाही, तसंच हे. इतकी सरळ गोष्ट. पण नऊ घरांनी तिच्या नाकी नऊ आणले होते.

पहिला संशय तिला पुसण्याचा आला होता. आकडा उचलला, पण तो वापरलेला नाही अशी नोंद करायची राहिली, ही चूक प्रत्येक नवशिक्या पोराची ठरलेली. तिने त्या ओळी तपासल्या. नोंद नीट होत होती. मग तिरक्या बेरजा तपासल्या, त्याही बरोबर. मंगळवारी वीज गेली, सगळं पुन्हा टंकावं लागलं. आज बुधवारी पुन्हा चालवून पाहिलं तर पहिले पाढे पंचावन्न.

घड्याळात चार वाजत आले तसा नरेश किल्ल्या खुळखुळवत उठला. अतिरेक्यांच्या गोळीबारांच्या बातम्या रोजच्या झाल्या होत्या, त्यामुळे अंधार पडायच्या आत सगळ्यांनी घरी असायचं, हा अलीकडे न लिहिलेला कायदाच झाला होता. पूर्वी इथे संध्याकाळी सातपर्यंत पोरं बसायची. वसुधेने दाराबाहेर काढलेल्या चपलांत थंडगार पडलेले पाय सरकवले. धूळ नको म्हणून या खोलीत अनवाणी यायचं, आणि यंत्राला उकडू नये म्हणून डिसेंबरातही वातानुकूलन चालू. माणसं गारठून मेली तरी चालतील!

घरी आली तर हेरंब स्टुलावर चढून दाराला वरच्या बाजूने आणखी एक कडी ठोकत होता. हेरंब म्हणजे तिचा नवरा, इथल्या मोठ्या रुग्णालयात सर्जन. दिवसभर माणसांची पोटं शिवून आलेला हा गृहस्थ संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन घर शिवत बसायचा.

"खाली दोन कड्या आहेत की," वसुधा म्हणाली.

"असू दे. वर एक असलेली बरी." त्याने तोंडातला खिळा काढला. "आणि उद्यापासून चित्राला शाळेत मी स्कूटरवर सोडणार. बसवाल्याला सांगून टाकलंय. येताना ती तिच्या शाळेतल्या कपूर मॅडमच्या गाडीतून येईल."

"श्यामभावजींना काय सांगितलंत?"

"बघू."

"बघू म्हणजे? शुक्रवार परवावर आला."

"हो ना," हेरंब म्हणाला आणि खिळा पुन्हा तोंडात धरला.

आता या 'बघू'ला काय करावं माणसाने! सोळा वर्षांच्या संसारात वसुधेने हा शब्द इतक्या वेळा ऐकला होता की त्याचे प्रकार तिला पाठ झाले होते. जेवताना म्हटलेलं बघू म्हणजे नाही. वर्तमानपत्रामागून आलेलं बघू म्हणजे ऐकलंच नाही. पण गेला महिनाभर तो जे बघू म्हणत होता त्याचा अर्थ तिला लागत नव्हता, आणि त्यानेच तिचं डोकं फिरायचं.

महिन्यापूर्वी एका दुपारी चित्राच्या शाळेची बस आलीच नव्हती. शहरात कुठे काय झालं ते आधी कुणालाच कळेना, पण रस्ते बंद झाले, फोन लागेनात. वसुधा फाटकाशी उभी राहिली ती दिवे लागले तरी उभीच. आजूबाजूच्या बायका येऊन उभ्या राहिल्या, कुणीतरी तिच्या अंगावर शाल टाकली. बस आली तेव्हा चित्रा मैत्रिणीशी शेंगदाण्यांवरून भांडत उतरली. नाक्यावर अडवून ठेवली होती, एवढंच. "इतना क्यों रो रही हो, आई?" म्हणाली. त्या रात्री वसुधेने हेरंबला सांगितलं होतं, बस झालं, इथून जायचं.

आणि देवाने ऐकल्यासारखा चारच दिवसांनी पुण्याहून श्यामकांतचा फोन आला. श्यामकांत हेरंबचा चुलतभाऊ, तिथल्या एका नव्या रुग्णालयाच्या कारभारात होता. सर्जनची जागा आहे, राहायला घर देतो, महिन्याची मुदत आहे, म्हणजे या शुक्रवारपर्यंत काय ते कळव. आयतं ताट पुढे आलं होतं. पण हेरंब ताकाला तूर लागू देईल तर शपथ! महिनाभर भिजत घोंगडं ठेवलं होतं त्याने. विचारावं तर बघू, आणि तेवढ्या काळात पठ्ठ्याने बाकी घरातली एकूण एक गोष्ट हलवली. दुधाची वेळ बदलली. चित्राचा नाचाचा वर्ग बंद करून शनिवारी सकाळी गाणं लावलं. वसुधेचा संध्याकाळचा तास सकाळी घ्यावा म्हणून तिच्या नकळत नरेशशीही बोलून आला. बाजार गुरुवारी, गॅस जास्तीचा, कडी वर आणि खाली. सगळं हलवलं, आपण मात्र जागचा हलेना. त्याला त्याचा विभाग सोडवत नसणार, दुसरं काय! पुरुषांना खुर्ची सुटत नाही आणि वर म्हणायचं, बघू.

"तुम्हाला पोरीपेक्षा तुमचं ऑपरेशन थिएटर प्यारं झालंय," ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

हेरंब स्टुलावरून उतरला. स्टूल उचलून जागेवर ठेवलं, जमिनीवर पडलेला लाकडाचा भुसा तळहातावर गोळा केला.

"भूक लागलीय," एवढंच म्हणाला.

गुरुवारी कुणीतरी बंद पुकारला होता. विद्यापीठ नावापुरतं उघडं होतं, मुलं नव्हतीच. नरेशने खोली उघडून दिली आणि अंगाभोवती शाल लपेटून उन्हाळ्यातल्या परीक्षेचे पेपर काढत बसला. वसुधेने ठरवलं, आज शेवटचं. प्रत्येक पाऊल छापून घ्यायचं. यंत्र कुठल्या घरात कुठला आकडा ठेवतं, कुठे अडतं, कुठे मागे फिरतं, सगळं कागदावर.

ठिपक्यांचा प्रिंटर करकरत सुरू झाला तो थांबेचना. घडीघडीचा लांबलचक कागद टेबलावरून खाली, खालून तिच्या पायांशी. तिने पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचली. एक, दोन, मग तिसऱ्या घरात बारा हवेत, बारा नाहीत, मागे. एक, तीन, मग अकरा हवेत, मागे. एक, पाच, नऊ, पंधरा झाले, खालच्या ओळीत चला, तिथे अडलं, मागे. चुकीचं एकही पाऊल नाही. शहाण्या मुलासारखं यंत्र भरत होतं, पुसत होतं, भरत होतं. आणि शेवटी, उत्तर नाही. वाचून वाचून तिचे डोळे चुरचुरायला लागले.

"खड्ड्यात जा," ती म्हणाली आणि कागद घडी करायला घेतला. मागची बाजू कोरी होती, चित्राला कच्च्या कामाला झाला असता. घड्या एकावर एक बसवताना उजवीकडचा भाग दुमडला गेला आणि कागदाची फक्त डावी कड उघडी राहिली. तिथे प्रत्येक ओळीचा पहिला आकडा दिसत होता. एक. एक. एक. एक. पहिल्या घडीपासून शेवटच्या घडीपर्यंत एकाखाली एक, नुसता एक.

वसुधा तशीच थांबली. मग खुर्ची ओढून प्रोग्रामची ती ओळ काढली. के म्हणजे आपण कितव्या घरात आहोत तो आकडा. मागे येता येता के एक झाला की थांब, असं तिने लिहिलं होतं. स्वतःच्या हाताने. मागे येता येता यंत्र पहिल्या घराशी पोचायचं, आणि तिथला आकडा उचलून बघायच्या आतच ती त्याला सांगायची, संपलं, बस खाली. पहिल्या घरात एक बसला तो बसला. बाकीची आठ घरं त्याने हजारदा उलटीपालटी केली असती तरी उपयोग नव्हता, कारण कोपऱ्यात एक ठेवला की पंधराचा चौकोन होतच नाही. यंत्र खोटं बोलत नव्हतं. तो एक हलवायचा नसेल तर खरंच उत्तर नव्हतं.

"अगं बाई गं," ती म्हणाली.

एकाच्या जागी तिने शून्य लिहिलं. शून्य झालं की थांब, म्हणजे पहिल्या घराच्याही मागे जायची वेळ आली तरच. कळ दाबली. आकडे सरकले, पहिल्या घरातला एक उठला, तिथे दोन आला, आणि डोळा लवतो न लवतो तोच चौकोन पडद्यावर उभा राहिला. दोन सात सहा, नऊ पाच एक, चार तीन आठ.

"सूद साहब!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की नरेशचा चहा सांडला.

बंदमुळे रस्ते ओस होते. नरेशने तिला स्कूटरवरून घरापर्यंत सोडलं आणि पार्टीचं पक्कं करून गेला. हेरंब घरीच होता. आजची ठरलेली ऑपरेशन्स पुढे ढकलली होती. मागच्या अंगणात उन्हात खाट टाकून, पुढ्यात वर्तमानपत्र पसरून तो मटार सोलत बसला होता. सोललेल्या दाण्यांचं पातेलं मांडीशी. आतून चित्राचा फोनवरचा आवाज येत होता. मैत्रिणीशी पंजाबीत काहीतरी खिदळणं चाललं होतं.

वसुधा शेजारी बसली आणि बोलत सुटली. राग, आनंद, चार दिवसांचा वैताग, सगळं एकदम बाहेर पडलं. कागदाची घडी, डावी कड, तो एक, तो शून्य. हेरंबला संगणकातलं ओ की ठो कळत नसे, पण तो ऐकत होता. त्याचे हात हळूहळू थांबले.

"म्हणजे बाकी सगळं बदलून बघत होतं," तो म्हणाला, "पण पहिल्या घराला हात लावायचा नाही असं त्याला सांगितलेलं होतं."

"सांगितलेलं म्हणजे, मीच गाढवासारखं लिहून ठेवलं होतं! आणि गेले चार दिवस त्याला शिव्या घालतेय."

हेरंब हसला नाही. त्याने एक शेंग उचलली, उघडली नाही, बोटांत फिरवत राहिला.

"वसुधा, श्यामला मी नाही म्हणून कळवलंय."

"काय? कधी?"

"त्याचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

तिला क्षणभर कळेचना की हा कशाबद्दल बोलतोय. मग कळलं, आणि कानशिलं तापली.

"महिना झाला? आणि मी रोज विचारतेय, तेव्हा तुम्ही मला बघू म्हणताय? मला न विचारता नाही म्हणालात?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! त्या दिवशी त्या फाटकाशी तुम्ही उभे नव्हतात, मी होते!"

"म्हणूनच नाही विचारलं." त्याने शेंग खाली ठेवली. "पुण्यात तुझ्यासाठी काय आहे, ते श्यामला विचारून झालंय. कायमचं काही नाही. तासावर शिकवायला मिळेल कदाचित. लग्न झाल्यावर तू एकदा नोकरी सोडलीस, मिरजेत दादांच्या दवाखान्यात सहा वर्षं केसपेपर लावत बसलीस. तुला इथे विद्यापीठात जागा मिळाली तेव्हा गाडीत बसताना मला काय म्हणाली होतीस? पुन्हा मला नोकरी सोडायला लावू नका. मी म्हटलं, नाही लावणार." त्याने डोळ्यांवर आलेलं ऊन हाताने अडवलं. "मग कड्या लावत बसलो. दुसरं काय करणार होतो?"

वसुधेला आठवलं. मिरजेच्या फलाटावर दादा, म्हणजे त्याचे वडील, निरोप द्यायला आले नव्हते. चालता दवाखाना सोडून मुलगा बायकोमागे परमुलखात निघाला, असं गावभर झालं होतं, आणि हेरंबने त्यावर तेव्हाही एक अक्षर काढलं नव्हतं. तिला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. माणसाने इतकं चांगलं असावं कशाला, न सांगता, न विचारता, दुसऱ्याला महिनाभर भांडखोर ठरवत!

"तुम्ही म्हणजे ना," ती म्हणाली आणि हाताच्या पाठीने डोळे पुसले. मग म्हणाली, "मग शुक्रवार कसला? नाही म्हणून मोकळे झालात, तर शुक्रवारची भानगड काय?"

"श्याम ऐकेना. म्हणाला, तुझं नाही मला मान्य नाही. तरी ठरल्याप्रमाणे शुक्रवारपर्यंत जागा राखतोच, वहिनींना एकदा विचार आणि मग सांग." हेरंबने मान खाली घातली. "रोज ठरवायचो, आज विचारायचं."

"मग विचारा की आता."

"वसुधा..."

"विचारा! उद्या शुक्रवार आहे. महिनाभर मी काय भिंतीशी बोलत होते? विचारा मला."

हेरंबने हात झटकले, पायजम्याला पुसले. तिच्याकडे सरळ बघितलं. असं त्याने बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

"आपण पुण्याला जाऊ या?"

हेच ऐकायला ती महिनाभर टपून बसली होती. उत्तर तयार होतं, एकाच अक्षराचं. तिने तोंड उघडलं. तिला ते फाटक आठवलं, खांद्यावर पडलेली शाल आठवली, रस्त्याच्या टोकाशी न दिसणारी बस आठवली. बोल ना बाई, तिने स्वतःला बजावलं, पोरगी आहे तुझी. आणि तरी तिच्या तोंडून ते अक्षर निघेना. तिला सोमवारचा वर्ग दिसत होता. संगणकाला पहिल्यांदा भीतभीत हात लावणारे मास्तर, आणि ती गारठलेली खोली, जिच्यावर ती रोज बोटं मोडायची. मिरजेतल्या दवाखान्यातलं केसपेपरांचं कपाट दिसत होतं. स्वतःवर ती अशी कधी चिडली नव्हती.

हेरंब वाट बघत होता. घाई करत नव्हता, आणि तेच जास्त असह्य होत होतं.

आतला फोन बंद झाला. चित्रा दारात आली, वाकून पातेल्यातले मूठभर मटार उचलले आणि तोंडात टाकले. दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "हम सच में पूना जा रहे हैं क्या?"

हेरंबने वर्तमानपत्रावरची टरफलं एका बाजूला सारली.

"आईला विचार," तो म्हणाला.

चित्रा आईकडे वळली आणि मटार चघळत तिथेच उभी राहिली.